कांदेनवमीचा घास

आषाढ लागला, की आमच्या घरात माझ्यापेक्षा नातीच्या कुत्र्याला जास्त जपतात. नवमीला भजी तळायला घेतली, की आधी त्याला आतल्या खोलीत कोंडायचं. कांदा चिरताना एखादी पाकळी खाली पडली, तर सून लगेच वाकून उचलते. एवढ्या लगबगीनं मला कधी कुणी उचललं नाही! वर नात मला बजावते, "आजी, त्याला कांदा नाही हं द्यायचा. लसूण नाही, द्राक्षं नाहीत, मनुका तर नाहीतच." मी म्हणते, "अगं बाई, कांदा नाही आणि द्राक्षं नाहीत, तर या कुत्र्यानं नाशकात राहायचं तरी कशाला? पाठवून दे पुण्याला." ती हसते. मला काही हसू येत नाही. कांद्याचं मला कुणी सांगायला नको. माझ्याआधी ते या घरात आणखी एका बाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं.

ज्यांच्याकडे चातुर्मास पाळत नाहीत, त्यांना कांदेनवमीची गंमत कळायची नाही. आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. मग एकादशीच्या आधी येणाऱ्या नवमीला घरातला उरलासुरला कांदा संपवायचा. सकाळी कांदेपोहे, दुपारी भरली वांगी आणि कांद्याचा झुणका, संध्याकाळी भजी, रात्री कांद्याचं थालीपीठ. देवासाठी सोडायचं म्हणून आधी देवाच्या नाकावर टिच्चून खायचं, असा हा सण. मला तो फार आवडायचा. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा वाटलं, या घरातला एकच दिवस मोकळा आहे, बाकी सगळे सोवळ्यातले.

आमचं घर तिवंधा चौकाच्या मागच्या गल्लीत. पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आषाढात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, गढूळ पाणी यायचं आणि गल्लीतली माणसं येताजाता एकमेकांना विचारायची, पात्रातल्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं? घरात ओल धरलेली, दोरीवरची लुगडी दोन दोन दिवस वाळत नाहीत, आणि त्या दमट हवेत तळल्या कांद्याचा वास असा काही मुरायचा, की एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातानासुद्धा नाकात भजी असत. तो वास मला अजून येतो. पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं, आता मी पदर नाकाला लावते.

सासूबाई निफाडकडच्या. शेतीवाडीच्या, गाईगुरांच्या घरात वाढलेल्या. मामंजी लवकर गेले, तेव्हापासून त्या एकुलत्या एका मुलावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, विसंबून होत्या. पण तसं दिसायचं मात्र नाही. त्यांची जीभ म्हणजे सुरी! कौतुक करायच्या तेसुद्धा ओरखडा काढून. मी पहिल्यांदा पुरणपोळी केली, तेव्हा म्हणाल्या, "बरी झालीये हो. माहेरी आई नव्हती वाटतं शिकवायला?" माझी आई माझ्या लहानपणीच गेलेली होती, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

घरात कुत्रं होतं, गुंड्या. नाव गुंड्या, पण स्वभावानं गरीब गाय. यांनी त्याला ओझरहून आणलं होतं. हे तिथल्या विमानांच्या कारखान्यात कामाला. बसमधून पिल्लू शर्टात लपवून आणलं म्हणे. सकाळी कारखान्याची बस पकडायला हे निघाले, की गुंड्या रविवार कारंज्यापर्यंत सोबत जाई आणि एकटा परत येई. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसे. हे माझ्याशी जेवढं बोलत नसत तेवढं त्याच्याशी बोलत. माझी कुरकुर नव्हती. त्या घरात मलाही तोच एक होता, ज्याच्यापाशी बसलं की कुणी काही बोलून दाखवत नसे. दुपारी मी मागच्या दारी गहू निवडत बसे आणि तो माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपे.

आणि चंद्रभागा होती. धुण्याभांड्याला यायची. आमच्याच गल्लीत तिची सगळी घरं. काळी, उंच, भराभर चालणारी. तिचा चहाचा कप मागच्या अंगणात कोनाड्यात वेगळा ठेवलेला, गुंड्याच्या ताटलीच्या शेजारी. सासूबाईंच्या लेखी दोघांची पायरी एकच. चंद्रभागेला त्याचं काही वाटत असेल तर तिनं दाखवलं नाही. ती रोज पदरात भाकरीचा तुकडा बांधून आणायची आणि आल्याबरोबर गुंड्यापुढे टाकायची. "खा रं वाघा. या बामणाच्या घरात तुला काय भेटतंय, दहीभात!" गुंड्या शेपटीनं अख्खं अंगण झाडून काढायचा.

आमच्याकडे वैशाखात पिंपळगावहून कांद्याच्या गोण्या येत आणि माळ्यावर पसरल्या जात. आषाढापर्यंत खालचा ढीग मऊ पडायचा, कोंब फुटायचे. एवढा कांदा तीन माणसं नवमीला खाऊन खाऊन किती खाणार? उरलेला दरवर्षी चंद्रभागा घेऊन जायची. तिच्या घरी चातुर्मास कुठला! त्या वर्षी मात्र वैशाखातल्या वाळवणाच्या दिवसांत तिची मोठी मुलगी बाळंत झाली आणि ती कामावर आली नाही. पापड-कुरडया सासूबाईंना आणि मला कराव्या लागल्या. सासूबाईंनी ते मनात धरलं. ते त्यांनी नवमी तोंडावर येईपर्यंत जपून ठेवलं. चंद्रभागेनं आपणहून विचारलं, "आई, कांदं नेऊ का खालचं?" सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याला घालीन, पण तुला पात देणार नाही."

आपण असं बोलतो की नाही? रागात तोंडाला येईल ते बोलतो. पण सासूबाई बोलल्या तसं करणाऱ्यांतल्या. नवमीच्या आदल्या दिवसापासून दशमीपर्यंत त्या माळ्यावरचा कांदा शिजत होता. आम्ही खात होतो आणि उरेल ते गुंड्याच्या ताटलीत पडत होतं. भज्यांचा चुरा, झुणका कालवलेला भात, वर तूप. गुंड्या खात होता. आजपर्यंत त्याचे एवढे लाड त्या घरात झालेच नव्हते. सासूबाई चंद्रभागेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "खा बाबा, खा. तू तरी खाल्ल्या मिठाला जागतोस." चंद्रभागा मान खाली घालून भांडी घासायची. आम्हाला वाटायचं, टोमणा तिला आहे. तिला होताच. पण घास गुंड्याच्या पोटात जात होता.

एकादशी झाली. नंतर दोन-तीन दिवसांनी गुंड्या बसकडे जाईना. रविवार कारंजा राहू दे, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन धापा टाकत परतला. मग खाईना. मी त्याचं ओठाचं कातडं वर करून पाहिलं, तर हिरड्या पांढऱ्याफटक. डोळे पिवळे झालेले. सकाळी त्यानं अंगणात लघवी केली ती लाल, काढ्यासारखी. मी ओरडलेच. सासूबाई बाहेर आल्या, बघितलं, आणि स्वतः दोन बादल्या पाणी ओतून फरशी धुऊन काढली. ज्या कुत्र्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत, त्या! मला तेव्हा वाटलं, माया आली असेल.

यांनी रजा टाकली, टांग्यातून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलंय, काय ते सांगता येत नाही, आणि आता उशीर झालाय. हे परत आले ते तांबडेलाल होऊन. अंगणात उभे राहून ओरडले, "ज्यानं कुणी घातलं असेल, त्याचा पाय या उंबऱ्याच्या आत पडता कामा नये! मग कुणी का असेना!" गल्लीतल्या बायका दारात आल्या. सासूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.  मग म्हणाल्या, "रोज भाकरी कोण आणून घालतं त्याला?"

एवढंच. नावसुद्धा घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागा आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आली तशी गुंड्यापाशी बसली, पदराची गाठ सोडली, तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला. गुंड्यानं हुंगलं, चाटलं, पण त्याला चावायचं त्राण नव्हतं. चंद्रभागा त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "काय झालं रं माझ्या वाघाला?" तेवढ्यात सासूबाई मागच्या दारात आल्या. हे त्यांच्या मागे. कुंपणापलीकडे शेजारणी.

"काय घातलंस त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"काय म्हंजी? भाकर घातली. रोजच घालती."

"कांदा दिला नाही म्हणून विष घातलंस मुक्या जिवाला?"

चंद्रभागेला आधी कळेचना. मग कळलं, तेव्हा तिनं यांच्याकडे पाहिलं. "दादा, तुमी सांगा की! म्या ह्याला पिल्लू आसल्यापासून..." यांनी मान गुंड्याकडे वळवली. सासूबाईच बोलल्या. "विष नाही ना त्यात? मग खा. ती भाकरी उचल आणि खा इथंच, सगळ्यांसमोर."

मी म्हणाले, "आई, काय चालवलंय हे? कुत्र्याचं उष्टं आहे ते!" हे माझ्यावर कडाडले, "तू आत हो!" आणि माझ्या दंडाला धरून मला आत लोटलं. पण खिडकी होती. चंद्रभागेनं कुत्र्याच्या ताटलीतला तो लाळेनं भिजलेला तुकडा उचलला आणि खाल्ला. सावकाश खाल्ला. गल्लीतल्या, तिच्याकडून वर्षानुवर्षं भांडी घासून घेणाऱ्या साऱ्या बायका बघत होत्या.  गुंड्या पडल्या पडल्या तिच्याकडे बघून शेपटी हलवत होता. तिनं शेवटचा घास गिळला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "खाल्ली. आता?"

"आजच्या भाकरीत नसेल," सासूबाई म्हणाल्या. "कालच्यात घातलं असशील."

  मला त्या क्षणी त्या म्हातारीचा असा काही संताप आला, की तो आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा हाताला कळतो. चंद्रभागेनं कोनाड्यातला आपला कप उचलला आणि ती गेली. दुपारी गुंड्या गेला. हे त्याला गंगेपलीकडे पुरून आले आणि ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी ताक घुसळलं.

गल्लीतल्या एकेका घरानं चंद्रभागेला काढून टाकलं. जिनं कुत्र्याला विष घातलं, ती उद्या माणसांना घालील, असं म्हणत होते सगळे. पंधरवड्यात तिला तिवंध्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. ती सिन्नरला भावाकडे गेली, एवढंच कानावर आलं. दुसरी बाई मिळाली. श्रावण आला, मंगळागौर झाली, गणपती झाले. लोक किती भराभर पुढे जातात, हे मी त्या चातुर्मासात पाहिलं.

मग वर्षं गेली. मला मुलगा झाला. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. देवानं काय हिशेब केला, त्याचा त्यालाच ठाऊक! त्यांची खाट माजघरात असायची. तिथून त्यांना स्वयंपाकघर दिसे आणि मागचं दार दिसे, म्हणजे माझ्या चुका काढायला आणि देवाला हाक मारायला दोन्ही सोय. दिवसभर घोकायच्या, "विठ्ठला, ने रे आता. किती अंत बघशील?"

मुलगा पाचवीत की सहावीत असताना त्यानं कुठूनसं पिल्लू उचलून आणलं. कांदेनवमी होती. मी भजी काढत होते. बाहेर आषाढाची झड लागली होती, पागोळ्या गळत होत्या, आणि पोरगा उंबऱ्यात बसून गरम भज्यावर फुंकर मारत होता. स्वतः एक खाल्लं, दुसरं पिल्लापुढे धरलं. तोच माजघरातून किंकाळी आली, "नको रे! कांदा नको घालू त्याला! मरेल तो!"

झारा माझ्या हातातच राहिला. पोरगं घाबरून रडायला लागलं, भजं हातातून पडलं. मी आधी ते उचललं, गॅस बंद केला आणि माजघरात गेले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"कांद्यानं कुत्रं मरतं?" मी विचारलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी डाव्या हातानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. मी हलले नाही. मग म्हणाल्या, "आमच्या गोठ्यात बैल होता. न खपलेला सडका कांदा वडिलांनी जनावरांपुढे टाकला. बैल असाच लाल मुतला आणि गेला. मी लहान होते, पण पाहिलंय."

"म्हणजे गुंड्यानं अंगणात लाल केलं, तेव्हाच तुम्हाला कळलं."

"घालताना नव्हतं गं लक्षात. देवाशपथ नव्हतं. ते पाहिलं तेव्हा कळलं."

"आणि तरी तिला ती भाकरी खायला लावलीत?"

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर कदाचित मी निवळले असते. म्हणाल्या, "तो ओरडत होता, ज्यानं घातलं त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणून. त्याचा राग तुला ठाऊक आहे. तिला दहा घरं होती गं. मला हे एकच."

संध्याकाळी हे आले. हे पानावर बसल्या बसल्या मी सगळं सांगितलं. वाटलं, आता आकाश कोसळेल. यांनी भजं मोडलं, चटणीला लावलं, खाल्लं. म्हणाले, "जाऊ दे. आता म्हातारीला काय फासावर द्यायचं?" मी म्हटलं, "आणि चंद्रभागा?" तर म्हणे, "तिचं काय? मिळालं असेल कुठेतरी काम." म्हणजे बघा! ज्या भीतीपायी एका बाईला गल्लीतून उठवलं, ती भीतीसुद्धा खोटी होती. हे आईला कधीच घराबाहेर काढणार नव्हते. आईला कुणी काढतं का? काढायला बाहेरच्या बायका असतात.

मी एस.टी.नं सिन्नरला गेले. विचारत विचारत घर सापडलं. चंद्रभागा दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखलं, पण उठली नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, की गुंड्या कांद्यानं गेला, आणि म्हातारीला ते ठाऊक होतं. तिची बोटं थांबली नाहीत. पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा.

"माझ्या धाकलीची सोयरीक मोडली तवा," ती म्हणाली. "हिची आई जहर घालती, म्हन्ले. पुढं कुनी इचारलंच नाय. घरीच हाय ती. आत हाय." आतून भांड्याचा आवाज आला.  मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं. "तुमी नगा मागू. म्हातारी जित्ती हाय का?"

"आहे. अंथरुणावर आहे."

"मला येकदा बघायचीय."

ती त्याच आठवड्यात आली. उंबऱ्याबाहेर थबकली, मग आत आली. सासूबाई नेहमीप्रमाणे घोकत होत्या. चंद्रभागेनं मला विचारलं, "काय म्हन्त्यात?" मी म्हटलं, "मरण मागतात." चंद्रभागा खाटेपाशी गेली. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि त्यांचं घोकणं एकदम बंद झालं. तोंड भिंतीकडे फिरवायला गेल्या, पण त्यांना स्वतःच्या अंगानं वळता येत नव्हतं. त्यांना कूस मीच बदलून द्यायची. मी दिली नाही.

चंद्रभागेनं वाकून त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. अगदी मायेनं, लेकराची दृष्ट काढावी तशी. म्हणाली, "नगा मरू, आई. लय जगा. शंभर वरसं जगा. हितंच, ह्या खाटंवर." मी चहा ठेवते म्हटलं. "नगं," म्हणाली, आणि सिन्नरच्या गाडीला निघून गेली.

सासूबाई जगल्या. किती म्हणून जगल्या! पाठीला जखमा झाल्या, दात गेले, नजर गेली. प्रत्येक आषाढात वाटायचं, यंदाची एकादशी बघत नाहीत. बघायच्या. शाप त्यांना दिला होता, पण त्यांचं हागणंमुतणं माझ्या हातून होत होतं, हे त्या चंद्रभागेच्या ध्यानात आलं असेल की नाही, कोण जाणे. एकदा पेज भरवत होते, तर माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "तिला बोलाव गं एकदा. पाया पडते म्हणावं. म्हणावं, शब्द मागे घे."

मी मनगट सोडवून घेतलं, चमचा भरला आणि म्हटलं, "आई, तोंड उघडा."